गोमाशी आणि सर्रा : ओढकामाच्या बैलांचा रक्ताचा रोग



हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात चौकशी होते ती तोडीच्या तारखेची, टनेजची आणि बिलाची. बैलाची चौकशी होते ती बैल बसल्यावर. टायरगाडी फडात भरून उभी, आणि बैल काही केल्या उठत नाही. मग धावाधाव. आता ट्रॅक्टर वाढले, गाड्या कमी झाल्या हे खरं. तरीपण गाडीसेंटरच्या टोळ्या अजून येतात, आणि ज्या सभासदाकडं बैल नाही त्याच्या दावणीला दोन संकरित गायी नाहीतर एखादी म्हैस असतेच. म्हणून या अंकातला पाठ उसाचा नाही, जनावराचा आहे.

ज्या रोगाबद्दल लिहितो आहोत त्याचं नाव सर्रा. हिंदीतल्या ‘सडा’ म्हणजे सडलेला या शब्दावरून हे नाव पडलं असं सांगतात, आणि रोग लांबलेलं जनावर पाहिलं की ते पटतं. पण आपल्याकडं हे नाव फार थोड्यांच्या तोंडी आहे. बैल थरथरला की ‘ऊन लागलं’, तापला की ‘तिवा झाला’, खुंट्याभोवती गरगर फिरू लागला की ‘बाहेरचं काहीतरी आहे’. उतारे उतरवले जातात, डाग दिले जातात, आणि दोन दिवसांत बैल जातो. गाडीवानाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीच्या भरवशावर. आज बऱ्या जोडीची किंमत लाखाच्या घरात आहे. एक बैल गेला म्हणजे दुसऱ्यालाही काम नाही आणि उचल तर तशीच अंगावर. एका रक्ताच्या थेंबाची वेळेवर तपासणी झाली असती तर यातले कित्येक बैल वाचले असते, असं आम्हाला वाटतं.

रक्तात असतं तरी काय?

सर्रा हा जिवाणूचा रोग नव्हे की विषाणूचा नव्हे. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी नावाचा एकपेशीय परोपजीवी प्राणी रक्तात शिरतो, त्यामुळे तो होतो. आकार निमुळता, एका कडेला पातळ झालर आणि पुढं चाबकासारखी दोरी. लांबी साधारण पंचवीस मायक्रॉन, म्हणजे चाळीस एका ओळीत ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर तांबड्या पेशींच्या गर्दीत हा प्राणी मासोळीसारखा वळवळताना दिसतो, पेशींना धक्के देत जातो. एकदा ज्यानं हे पाहिलं तो पुन्हा ‘बाहेरचं’ म्हणणार नाही.

तो पेशीच्या आत शिरत नाही. रक्तरसातच पोहतो, तिथंच एकाचे दोन, दोनाचे चार होतो. आणि जगतो कशावर? साखरेवर! रक्तातली ग्लुकोज हेच त्याचं इंधन. आपण साखर कारखान्याचे सभासद, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता या प्राण्याची खरी चलाखी ऐका. त्याच्या अंगावर प्रथिनाचा एक अंगरखा असतो. जनावराचं शरीर त्या अंगरख्याची ओळख पटवून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. बहुतेक परोपजीवी मरतात, ताप उतरतो, मालकाला वाटतं की बैल सुधारला. पण त्यातले थोडे तोवर अंगरखा बदलून बसलेले असतात. असे शेकड्यांनी अंगरखे त्याच्या संग्रही आहेत. नवा अंगरखा शरीराला ओळखू येत नाही. पुन्हा वाढ, पुन्हा ताप. म्हणून सर्र्याचा ताप चढतो-उतरतो, आठवडेच्या आठवडे खेळवतो. प्रत्येक चढाईत तांबड्या पेशी नासतात आणि रक्त पातळ होत जातं. याच कारणानं या रोगावर आजवर लस निघालेली नाही. लस एका अंगरख्याची करावी तर तो दुसरा घालून हजर.

माशी काय करते

मलेरियाचा परोपजीवी डासाच्या पोटात वाढतो, मग माणसात जातो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. सर्र्याचं तसं नाही. इथं माशी म्हणजे नुसती रक्त लागलेली सुई. आजारी जनावराचं रक्त पिता पिता तिच्या सोंडेला परोपजीवी लागतात, आणि ती लगेच शेजारच्या जनावराला चावली तर तिथं पोचतात. सोंडेवर ते फार काळ टिकत नाहीत. पहिल्या काही मिनिटांतच धोका जास्त.

गोमाशी, कोणी घोडमाशी म्हणतात, ही या कामात पटाईत. मोठी, भरदार, मोठ्या डोळ्यांची. नर बिचारा फुलातला रस पितो. रक्त लागतं ते मादीला, अंडी पिकवण्यासाठी. तिच्या तोंडाला पात्यासारखे अवयव असतात. ती टोचत नाही, कातडं कापते आणि वाहणारं रक्त चाटते. म्हणूनच चावा झोंबतो, बैल शेपूट मारतो, कातडी थरथरवतो, आणि माशी अर्धपोटी उडून जवळच्या बैलावर बसते. दावण जितकी दाट तितकं तिचं काम सोपं. परदेशात घोड्यांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की दुसरं जनावर पन्नासएक मीटर लांब असेल तर उडालेली गोमाशी बहुधा पहिल्याच जनावराकडं परतते. यातून घ्यायचं ते घ्या : आजारी जनावर दावणीतून काढून दूर बांधणं हा औषधाच्या तोडीचा उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

दुसरी गोठ्यातली चावरी माशी. दिसायला घरमाशीसारखीच, पण तोंडापुढं सरळ टोकदार सोंड बाहेर आलेली. हिच्यात नर आणि मादी दोघंही रक्त पितात. ही बहुतेक पायांना चावते. जनावर सारखे पाय आपटत असेल तर पायाकडं निरखून बघा.

या दोघींची वस्ती कुठं? गोमाशी पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते आणि अळ्या ओल्या चिखलात वाढतात. कालव्याचा पाझर, चारीचं फुटकं तोंड, पाणी साठून चोपण झालेलं रान, ही तिची बाळंतिणीची खोली. उसाला गरजेपेक्षा जादा पाणी देऊ नका असं आपण जमिनीसाठी सांगत आलो. त्याला आता बैलाचंही कारण जोडा. चावरी माशी मात्र शेण, मूत आणि कुजका चारा यांच्या मिश्रणात अंडी घालते. उष्ण हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उडू लागते. गव्हाणीखाली साचलेलं वाढ्यांचं आणि पाचटाचं ओलं रबडं हे तिला अगदी मानवतं.

या संदर्भात ब्राझीलचा अनुभव साखरधंद्यातल्या माणसांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथं ऊस जाळून तोडण्याची पद्धत कमी झाली, पाचट शेतात राहू लागलं, आणि त्यावर आसवनीचं स्पेंटवॉश सोडलं जाऊ लागलं. या ओल्या थरात चाव्या माशीची अफाट पैदास झाली आणि आसपासच्या गोपालकांच्या गुरांना चरणं मुश्कील झालं. तिथली तक्रार मुख्यतः माशीची होती, सर्र्याची नव्हे. तरी पाचट जाळा असा अर्थ कोणी काढू नये. पाचट ठेवण्याचे फायदे मोठे आहेत. पण प्रेसमडचा ढीग गोठ्याला लागून टाकू नका. कंपोस्टचा ढीग वेळोवेळी उलथा, म्हणजे आतली उष्णता सगळीकडं पोचते आणि अळ्या मरतात. गव्हाण रोज कोरडी करा.

कामाचा ताण आणि छुपा रोग

गायीबैलात आणि म्हशीत सर्रा पुष्कळदा लपून राहतो, ही या रोगाची आपल्या दृष्टीनं सगळ्यात वाईट गोष्ट. पावसाळ्यात आणि त्यानंतर माश्या फार असतात, तेव्हा लागण होते. जनावर चरतं, खातं, जरासं खंगतं, एवढंच. मग कार्तिकात जोडी कारखान्यावर येते. लांबचा प्रवास, पहाटेची तोड, भरलेली गाडी, नवं पाणी, एकाच तळावर शेकडो बैल. शरीराची ताकद घटली की रक्तातले मूठभर परोपजीवी उसळी घेतात. म्हणजे बैल तळावर आजारी पडला तरी रोग तळावरचाच असेल असं नाही. तो गावाकडून घेऊन आलेला असतो आणि आता शेजाऱ्यांना देतो. व्यालेल्या गायीचं, लाळ्या-खुरकुतातून उठलेल्या जनावराचंही असंच.

ओळखायचं कसं? सकाळी, जू ठेवण्याआधी ताप घ्या. उन्हात ओढकाम करून आलेल्या बैलाचं अंग तसंही तापलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. निरोगी बैलाचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट. सर्र्यात ते १०४ ते १०६ पर्यंत चढतं, उतरतं, परत चढतं. खालची पापणी ओढून बघा. आतून गुलाबी असायला हवी. पांढुरकी, फिकट दिसली तर रक्त कमी झालं. डोळ्यांतून पाणी, पायांवर आणि पोळीला सूज, खाणं असूनही बरगड्या वर. गाय दुधाला एकदम कमी येते, गाभण असेल तर गाभ टाकते. हे झालं रेंगाळणारं रूप.

दुसरं रूप झटक्याचं. बैल गोल गोल फिरतो, भिंतीला नाहीतर झाडाला डोकं दाबून उभा राहतो, डोळे असून आंधळ्यासारखा वागतो, दात खातो, थरथरतो, पडतो. काही तासांत खलास. ‘बाहेरचं’ म्हणतात ते बहुतेक हेच. अर्थात गरगर फिरणं इतर रोगांतही असतं, अगदी पिसाळ रोगातसुद्धा. म्हणून अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका.

घोड्यात आणि तट्टात सर्रा कधी लपत नाही. चढउताराचा ताप, पोटाखाली व पायांवर सूज, मागचे पाय लडखडणं, आणि उपचार न झाल्यास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यू. राजस्थानात उंटांना हाच रोग वर्षानुवर्षं झिजवतो. तिथले लोक त्याला ‘तिबर्सा’ म्हणतात, तीन वर्षांचा म्हणून. घोडं बाजारातून आणलं असेल तर रक्त तपासल्याशिवाय बैलांच्या दावणीला बांधू नका.

गोचिडाच्या तापाशी सर्र्याची गल्लत होते. लघवी कॉफीसारखी लाल झाली तर बॅबेसियाचा संशय घ्यावा. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, विशेषतः संकरित गायीत, तर थायलेरियाचा. दोन्ही रोग गोचीड पसरवतो. तिवा विषाणूचा, तीन दिवसांत जनावर लंगडत लंगडत का होईना उठतं. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही आणि प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून रक्त तपासणीला पर्याय नाही.

तपासणीसाठी रक्त ताप असतानाच घ्यावं लागतं. ताप उतरल्यावर परोपजीवी इतके कमी होतात की काचपट्टीवर सापडत नाहीत, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ येतो. एकदा नॉर्मल आला म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या तापाला पुन्हा पट्टी करा. प्रयोगशाळेत रक्त वेगानं फिरवून किंवा पीसीआर पद्धतीनं थोडे परोपजीवीसुद्धा पकडता येतात.

औषध, आणि वजनाचा हिशेब

सर्र्यावर औषधं आहेत आणि ती चांगली आहेत. क्विनापायरामिनचे सल्फेट आणि क्लोराइड असे दोन क्षार एकत्र मिळतात. पहिला लगेच काम करतो, दुसरा कातडीखाली साठून काही महिने राखण करतो. डायमिनाझिन हे दुसरं. कोणतं आणि किती हे पशुवैद्यकीय डॉक्टरांनी ठरवायचं. आम्ही मात्रा मुद्दाम छापत नाही, कारण छापलेली मात्रा दुकानात दाखवून इंजेक्शन आणणारे महाभाग आमच्या परिचयाचे आहेत.

पण डॉक्टरांना एक गोष्ट तुम्ही देऊ शकता : वजन. औषध किलोवर मोजलं जातं, आणि नजरेचा अंदाज नेहमी कमी येतो. शिंप्याची फीत घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ३००, हे आलं वजन पौंडांत. त्याला २.२ ने भागलं की किलो. घेर ७० इंच, लांबी ६० इंच असेल तर ७० गुणिले ७० म्हणजे ४९००. त्याला ६० ने गुणून २,९४,०००. भागिले ३०० म्हणजे ९८० पौंड. म्हणजेच सुमारे ४४५ किलो. हाच बैल ‘तीनशे किलोचा असेल’ म्हणून औषध दिलं तर त्याला दोन-तृतीयांशच मात्रा मिळाली. अर्धवट मात्रेनं परोपजीवी मरत नाही, उलट औषधाला सरावतो. आज वाचवलेले चार पैसे उद्या साऱ्या तळाला महाग पडतात.

इंजेक्शननंतर बैल थरथरू शकतो, लाळ गाळू शकतो. सावलीत बांधा, पाणी पाजा. ताप गेला म्हणून दुसऱ्या दिवशी जू ठेवू नका. नासलेलं रक्त भरून यायला आठवडे लागतात. नुसत्या वाढ्यांवर ते भरत नाही. पेंड आणि क्षार मिश्रण द्यावंच लागतं. दुभत्या गायीचं दूध किती दिवस वगळायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि एकच सुई दहा जनावरांना वापरणाऱ्याला गोठ्यात पाऊल टाकू देऊ नका. गोमाशी जे करते तेच ती सुई करते, फक्त जास्त रक्तानिशी. आणखी एक : सर्रा अंगात असताना टोचलेली घटसर्पाची किंवा खुरकुताची लस नीट धरत नाही. लसीकरणाच्या वेळी खंगलेली जनावरं डॉक्टरांना वेगळी दाखवा.

माश्यांसाठी संध्याकाळचा कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आपल्याकडं चालतच आला आहे. पण गोमाशी दिवसा, उन्हाच्या वेळी चावते. त्या वेळी बैल गोठ्यात किंवा सावलीत असेल तर बरं. या माश्या गडद रंगाकडं ओढल्या जातात, म्हणून निळ्या-काळ्या कापडाचे सापळे करतात. तळावर असे सापळे लावून बघण्यासारखे आहेत. अंगावर शिंपडायची कीटकनाशकं डॉक्टरांच्या सांगण्यावरून, मापानंच.

थोडा इतिहास, आणि माणसाचा प्रश्न

या रोगाची उकल आपल्याच उपखंडात झाली. १८८० साली डेरा इस्माईल खान इथं लष्कराचे पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हे प्राणी पाहिले, आणि रोगाचं कारण हेच असं ठासून सांगितलं. वरिष्ठांना ते पटलं नाही. रक्तातल्या सूक्ष्म जीवामुळं रोग होतो ही कल्पनाच तेव्हा नवी. पुढं १८८५ मध्ये ब्रह्मदेशातल्या खेचरांत जॉन हेन्री स्टील यांना हेच प्राणी आढळले आणि त्यांनी त्याला इव्हान्स यांचं नाव दिलं. हेच स्टील १८८६ साली मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे संस्थापक झाले. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जिवाणू प्रयोगशाळा निघाली, तिचे प्रमुख लिंगार्ड यांनीही सर्र्यावर काम केलं. गोमाशीमार्फत रोग जातो हे १९०१ साली लिओनार्ड रॉजर्स यांनी प्रयोगानं दाखवलं.

माणसाला सर्रा होतो का, असा प्रश्न येणारच. सहसा होत नाही. आपल्या रक्तात एक प्रथिन असतं, ते या परोपजीवीला मारून टाकतं. परंतु २००४-०५ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा प्राणी सापडला. चढउताराचा ताप काही केल्या हटत नव्हता. तपासाअंती त्यांच्या रक्तात ते संरक्षक प्रथिनच नव्हतं असं निष्पन्न झालं. सुरामिन या औषधानं ते बरे झाले. नंतर त्या गावातल्या अठराशेहून अधिक लोकांची तपासणी झाली, आणि एकाच्याही रक्तात परोपजीवी आढळला नाही. तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. फक्त हाताला जखम असेल तर जनावराच्या रक्तात हात घालू नका; वार काढताना, शिंग कापताना हातमोजे घाला.

तळावर किंवा गोठ्यात संशयित जनावर दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ या क्रमांकावर फोन करा, आणि डॉक्टर येईपर्यंत ते दावणीतून काढून लांब बांधा. जनावर दगावलंच तर ओढ्यात किंवा बांधावर टाकून देऊ नका, चुना घालून खोल पुरा. ताजं मांस आणि रक्त खाऊन कुत्र्यांनाही सर्रा होतो, आणि कुत्र्यात तो फार जोराचा असतो. अंग सुजतं, डोळ्यावर निळसर-पांढरा पडदा येतो. तळाभोवती अशा डोळ्यांची कुत्री दिसू लागली तर तेही दवाखान्यात सांगा. बैलांचं रक्त तपासायची वेळ झाली असं त्यावरून डॉक्टरांच्या लक्षात येईल.